ब्रेक घरी बदलल्यावर येणारा आवाज आणि खाली जाणारे पेडल

आपल्या प्रश्नाचा सारांश मला समजला तो असा. गाडी आठ वर्षे जुनी छोटी हॅचबॅक आहे, पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी चकती, तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात) आणि मागे ड्रम ब्रेक (फिरणारे भांडे, त्याला आतून शू दाबतात). कासारवडवलीच्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन रविवार खर्ची घालून आपण पुढच्या दोन्ही डिस्क, चारही पॅड आणि मागचे ब्रेक शू बदलले. ब्रेक ऑइलची एकही नळी उघडली नाही. त्यानंतर तीन तक्रारी उरल्या : हळू वेगात ब्रेक लावला की पुढून बारीक ‘चीं’ असा आवाज येतो, रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढे निघाल्यावर पहिल्या ब्रेकला एकदाच ‘टक’ वाजते, आणि पेडल पूर्वीपेक्षा बरेच खाली जाऊन मग ब्रेक पकडतो, मात्र लगोलग दुसऱ्यांदा दाबले तर वर पकडतो. दुकानदार पॅड बदलून द्यायला तयार आहे, ओळखीच्या मेकॅनिकच्या मते मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग) गेला आहे, आणि यांतले आधी काय करावे हे आपल्याला हवे आहे.

माझे उत्तर असे की आत्ता दोन्हींपैकी काहीच करू नका. वागळे इस्टेटमध्ये सव्वीस वर्षे मी गाड्यांचे ब्रेक उघडतो आहे, आणि घरी काम करून नंतर माझ्याकडे आलेल्या गाड्यांत नवा भागच सदोष निघाला असे फार क्वचित पाहिले आहे. बहुतेक वेळा नवा भाग चांगला असतो, पण तो ज्या जुन्या जागेवर बसवलेला असतो ती जागा साफ केलेली नसते, किंवा त्याच्या शेजारचा जुना भाग नव्या मापाशी जुळवून घेतलेला नसतो. हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागावरचा) गंज, पॅड धरणाऱ्या ब्रॅकेटच्या खाचेतला गंज, पॅड दाबणारा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सुकलेल्या स्लाइड पिना, आत वळवायचा राहून गेलेला किंवा बाहेर काढायचा राहून गेलेला ड्रमचा ॲडजस्टर (शू आणि ड्रम यांतली फट जुळवणारा भाग), अशी ही नेहमीची मंडळी आहेत. खाडीकाठच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात आठ वर्षे काढलेल्या गाडीत तर गंज गृहीतच धरावा.

तपासाला लागण्यापूर्वी एक अट. पेडल एका दाबात तळाला टेकत असेल, दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल, एखाद्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, किंवा लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर येत असेल, तर ती गाडी सोसायटीच्या गेटबाहेर काढू नये, टो करून न्यावी. गायमुखच्या उतारावर मागे डंपर असताना ब्रेकची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. आपल्या वर्णनात यांपैकी काही दिसत नाही, तरीही खालच्या सगळ्या चाचण्या सपाट जागेत, पोडियमच्या रॅम्पपासून दूर, आणि गाडी हलवायची असेल तेव्हा चालण्याच्या वेगात, हात हँडब्रेकवर ठेवून घ्याव्यात.

पेडलची तक्रार आधी घेऊ. पेडल किती खाली जाते ते समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते, आणि ते एकदा केले की पुढचे बरेचसे कोडे आपोआप सुटते. समजा, पुढच्या कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास 51 मिलिमीटर आणि मास्टर सिलिंडरचा 20.6 मिलिमीटर आहे. छोट्या गाड्यांत साधारण याच आकाराचे भाग असतात. मग पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे 20.4 चौरस सेंटिमीटर आणि मास्टर सिलिंडरचे सुमारे 3.3 चौरस सेंटिमीटर भरते. आता पिस्टनला नेहमीपेक्षा 1 मिलिमीटर जास्त पुढे यावे लागले, तर प्रत्येक कॅलिपरला सुमारे 2 घन सेंटिमीटर, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून 4 घन सेंटिमीटर जास्तीचे ऑइल लागते. तेवढे ऑइल ढकलण्यासाठी मास्टर सिलिंडरचा दांडा सव्वा सेंटिमीटर आत जातो, आणि पेडलची तरफ चौपट असेल तर पायाखाली त्याचे जवळपास 5 सेंटिमीटर होतात. गळती नाही, हवा नाही, सगळे भाग नवे आहेत, आणि तरीही केवळ एका मिलिमीटरच्या फटीने पेडल तीन बोटे खाली गेले. एरवी ही फट इतकी होत नाही, कारण कॅलिपरमधली चौकोनी रबरी सील पिस्टनला मिलिमीटरच्या काही दशांशांइतकेच मागे ओढते. म्हणून ब्रेक ‘ढिला’ झाला की मी आधी विचारतो, फट कोठे पडली? ऑइल आणि हवा हे प्रश्न त्यानंतरचे.

पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून करा. चार-पाच वेळा पेडल दाबून बूस्टरमधला (पायाच्या जोराला मदत करणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम संपवा, म्हणजे पेडल कडक होईल. नंतर पेडल सुटू द्या, दहा-पंधरा सेकंद थांबा, आणि एकदाच सावकाश दाबून ते कोठे अडते व कसे अडते हे पायाने नीट पाहा. खाली जाऊन अडले पण अडल्यावर दगडासारखे घट्ट लागले, तर ती फट आहे. अडल्यानंतरही चेंडू दाबल्यासारखे लवचिक वाटले आणि भराभर पंप केल्यावर घट्ट झाले, तर ती हवा आहे. दुसऱ्या दाबाला पेडल वर येण्याचे लक्षण दोन्हींत सारखेच असते, म्हणून केवळ त्यावरून ‘हवा आहे’ असा निकाल देणाऱ्यांवर विसंबू नये. याच वेळी, पेडल दाबलेले ठेवून इंजिन चालू केले की ते थोडे खाली जाईल. बूस्टर काम करतो आहे याचीच ती खूण आहे. ब्रेक बदलल्यानंतर लोक पेडलकडे प्रथमच इतके लक्ष देऊ लागतात, आणि वर्षानुवर्षे होत असलेली ही हालचाल त्यांना अचानक बिघाड वाटू लागते.

दुसरी चाचणी आपल्या गाडीसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. चाकांना पुढून-मागून गुटके लावा, हँडब्रेक जोरात वर ओढा आणि मग पेडल दाबा. हँडब्रेक शू बाहेर ढकलून ड्रमला टेकवतो, त्यामुळे मागची फट त्या क्षणापुरती नाहीशी होते. हँडब्रेक ओढल्यावर पेडल स्पष्टपणे वर पकडू लागले, तर दोष मागच्या ड्रमच्या फटीत आहे, आणि पुढचे पॅड, डिस्क व मास्टर सिलिंडर निदान या तक्रारीपुरते निर्दोष सुटतात. आपण शू बदलले आहेत, ड्रम मात्र जुनेच ठेवले आहेत, आणि ॲडजस्टरचा आपल्या वर्णनात कोठेच उल्लेख नाही. त्यामुळे माझा कयास याच बाजूला झुकतो.

तिसरी चाचणी मास्टर सिलिंडरची. इंजिन चालू ठेवून पेडलवर मध्यम, स्थिर दाब द्या आणि पूर्ण एक मिनिट तसाच धरा. पेडल जागेवर राहिले तर मास्टर सिलिंडरच्या आतली रबरे दाब धरून आहेत. ते हळूहळू बुडत गेले आणि बाहेर कोठेही ऑइल सांडलेले नसेल, तरच मेकॅनिकचे म्हणणे मान्य करावे. ही शंका अगदीच निराधार नाही, कारण पॅड बसवल्यावर पिस्टन पुढे आणण्यासाठी लोक पेडल पार तळापर्यंत दाबतात. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन ज्या भागात कधी जात नाही, तेथे आठ वर्षांचा गाळ आणि बारीक गंज साठलेला असतो, आणि रबराची धार त्यावरून घासून फाटू शकते. यासाठी पेडलखाली लाकडाचा गुटका ठेवून, अर्ध्या अंतरापुरतेच आणि सावकाश पंप करण्याची सवय लावून घ्यावी.

हवेबद्दल मला आपल्या बाबतीत फारशी शंका वाटत नाही. नळी उघडली नाही, तर हवा शिरणार कोठून? दोन वाटा मात्र आठवून पाहाव्यात. पिस्टन मागे ढकलताना आपण ब्लीड निपल (हवा बाहेर काढण्याचा छोटा स्क्रू) सैल केले होते का? आणि मागचा ड्रम काढलेला असताना घरातल्या कोणी सहज पेडल दाबले का? तसे झाले असेल तर मागच्या, शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचा पिस्टन बाहेर सरकून हवा आत गेलेली असू शकते, आणि त्याच्या रबरी टोपीची कड उचलून पाहिली तर आत ओल दिसेल. हवा काढावीच लागली, तर पारदर्शक नळी, तळाशी थोडे ऑइल असलेली बाटली आणि पेडलवर एक विश्वासू माणूस एवढे पुरते. फक्त ‘सोड’ म्हणण्याआधी निपल बंद झालेले असले पाहिजे, आणि टाकीतली पातळी एकदाही खालच्या खुणेखाली जाता कामा नये. चाकांचा क्रम गाडीच्या माहितीपुस्तकातला पाळावा, कारण सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करण्याचा जुना प्रघात प्रत्येक गाडीला लागू पडत नाही. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले. आपल्या गाडीत ते असेल आणि टाकी कोरडी पडून हवा त्याच्या पेटीत शिरली असेल, तर स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्येच ती निघते. ऑइल झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच भरावे. डॉट 4 प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू 230 अंश सेल्सियस असतो आणि हवेतले पाणी शोषलेल्या ऑइलचा किमान 155, हा फरक पाहता गेल्या पावसाळ्यात अर्धवट वापरून ठेवलेली बाटली फेकून देणेच बरे.

हवेच्या शोधात मी स्वतः केलेली एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात एका गाडीला मी नवे कॅलिपर बसवले आणि तासभर, अर्धा लिटरहून जास्त ऑइल वाया घालवून हवा काढत राहिलो. पेडल काही केल्या घट्ट होईना. शेवटी उस्ताद आले, चाकाकडे नुसते वाकून पाहिले आणि हसले. मी डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. त्यामुळे निपल खालच्या बाजूला आले होते, आणि हवा तर नेहमी वर जाऊन बसते. कॅलिपर बदलणाऱ्या प्रत्येकाने निपल सर्वांत वर आहे ना, हे आधी पाहावे.

आता मागच्या ड्रमकडे येऊ. जुना ड्रम आतून झिजून त्याचा व्यास वाढलेला असतो आणि झीज न झालेली एक कड त्याच्या उघड्या तोंडाशी उरते. त्या कडेवरून ड्रम चढावा म्हणून आपण ॲडजस्टर पूर्ण आत वळवता, ड्रम चढतो, आणि ॲडजस्टर बाहेर काढायचे राहून जाते. ‘तो आपोआप जुळतो’ असे सांगितले जाते. ते खरे आहे, पण त्याचा टप्पा अतिशय लहान असतो, आणि काही रचनांत फट एका मर्यादेपलीकडे गेली की तो दातच पकडत नाही. यासाठी ड्रम चढवून-उतरवून, एकेक दात वळवत, ड्रम हाताने फिरवताना शूचा अगदी हलका, एकसारखा घासल्याचा आवाज येईल इतपत तो जुळवावा. मग पेडल दोन-तीनदा दाबून शू मध्यावर बसू द्यावेत आणि पुन्हा एकदा फिरवून पाहावे. कडेची उंची नखाला स्पष्ट लागत असेल तर ड्रम लेथवर देऊन कड काढून घ्यावी. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे तो गेला असेल तर मात्र लेथचा खर्च करू नये, ड्रमच बदलावा.

येथे आणखी दोन चुका होतात. पहिली म्हणजे डावा आणि उजवा ॲडजस्टर एकमेकांच्या जागी बसवणे. अनेक गाड्यांत एका बाजूचा आटा उजवा आणि दुसऱ्या बाजूचा डावा असतो, त्यामुळे जागा बदलल्या की ॲडजस्टर प्रत्येक ब्रेकला फट कमी करण्याऐवजी वाढवत नेतो, आणि पेडल आठवडाभरात हळूहळू खाली जाते. एका वेळी एकच बाजू उघडावी, दुसरी नमुना म्हणून तशीच ठेवावी, असे मी नव्या मुलांना सांगतो ते यासाठीच. दुसरी चूक हँडब्रेकच्या केबलची. ऐरोलीहून एक गृहस्थ असेच खाली गेलेले पेडल घेऊन माझ्याकडे आले होते. शू बदलल्यावर हँडब्रेक फार वर येतो म्हणून त्यांनी केबल ताणून घेतली होती. हँडब्रेक छान झाला, पण ताणलेल्या केबलने शूवरचा लिव्हर त्याच्या टेकूवरून कायमचा उचलला गेला आणि स्वयंचलित ॲडजस्टर जुळवून घेणेच थांबला. मी केबल सैल केली, शू ड्रममधून जुळवले, आणि केबल सर्वांत शेवटी, माहितीपुस्तकात दिलेल्या, हँडब्रेक ओढताना वाजणाऱ्या टकांच्या संख्येइतकी ताणली. पाऊण तासाचे काम झाले, भाग एकही लागला नाही. क्रम लक्षात ठेवावा : आधी शू, मग केबल.

पेडलची आणखी एक जात आहे. उभ्या गाडीत ते ठीक असते, पण खराब रस्त्यावरून किंवा वळणावरून आल्यावर पहिल्याच दाबाला खोल जाते. तेथे डिस्क डगमगून किंवा चाकाच्या बेअरिंगला खेळ येऊन पॅड मागे ढकलली जात असतात. आपली तक्रार उभ्या गाडीतही आहे, म्हणून हे बाजूला ठेवू. पण डिस्कच्या डगमगीकडे आपल्याला पुढे यावेच लागणार आहे.

आवाजांपैकी ‘टक’ आधी. पॅडचे दोन कान ब्रॅकेटच्या खाचांत बसलेले असतात. गाडीची दिशा बदलली की पॅड खाचेत एका कडेवरून दुसऱ्या कडेवर सरकते, आणि दिशा बदलल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला एकदाच, हलका आवाज येणे पुष्कळ गाड्यांत नैसर्गिक असते. आवाज मोठा असेल किंवा प्रत्येक ब्रेकला येत असेल तर मात्र चाक काढावे. सर्वप्रथम ब्रॅकेटच्या आणि स्लाइड पिनच्या बोल्टना पाना लावून पाहावा. ‘नंतर आवळतो’ म्हणून हाताने लावून ठेवलेला बोल्ट मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे, आणि हा प्रकार आवाजापेक्षा कितीतरी गंभीर आहे. मग खाचेतल्या स्टीलच्या पातळ क्लिपा पाहाव्यात. त्या जुन्याच वापरल्या असतील तर त्यांचा ताण गेलेला असतो. पॅडच्या पेटीत नव्या दिलेल्या असूनही लोक त्या ‘काहीतरी जास्तीचे’ समजून तशाच ठेवून देतात.

क्लिप काढली की खरी गोष्ट दिसते. तिच्याखाली ब्रॅकेटवर गंजाचा खवल्यासारखा थर जमलेला असतो, तो क्लिपला वर उचलतो, आणि पॅडसाठी ठेवलेली जागा तेवढी अरुंद होते. लोक अशा वेळी पॅड हातोडीने ठोकून बसवतात. ते बसते, पण ब्रेक सोडल्यावर मागे येत नाही. डिस्कला टेकून राहते, तापते आणि ओरडते. तारेच्या ब्रशने आणि चपट्या कानशीने खाच चकचकीत होईपर्यंत घासा, नवी क्लिप बसवा आणि मग पॅड नुसत्या अंगठ्याने ढकलून पाहा. ते खाचेत सरकले पाहिजे, पण वर-खाली खडखडता कामा नये. माझ्या गॅरेजमध्ये ब्रेकच्या कामात सर्वांत जास्त वेळ या अंगठ्याच्या चाचणीवर जातो, आणि गिऱ्हाइकाला बिलात ती कोठेच दिसत नाही.

त्यासोबत स्लाइड पिना बाहेर काढाव्यात. बऱ्याच कॅलिपरमध्ये वरची आणि खालची पिन वेगळी असते; एकीच्या टोकाला रबरी बूश असते, दुसरीला नसते. त्या अदलाबदल झाल्या तर कॅलिपर अडकतो किंवा खडखडतो, आणि दोन पॅडपैकी एकच झिजते. पिन पुसून, ब्रेकसाठी मिळणारे सिलिकॉन ग्रीस पातळ लावून, रबरी बूट नीट बसवून ती दोन बोटांनी आत-बाहेर होते का हे पाहावे. बेअरिंगचे लाल ग्रीस येथे वापरू नये, त्याने रबर फुगते. ग्रीस ठासून भरले तर आत कोंडलेली हवा पिनला स्प्रिंगसारखी परत बाहेर ढकलते, म्हणून थोडेच लावावे.

राहिला ‘चीं’ असा बारीक आवाज. तो म्हणजे पॅड आणि डिस्क यांचे अतिजलद कंपन असते, आणि त्यासाठी पॅड खराब असावेच लागत नाही. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून कारखान्यात तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुतला होता का? नुसता फडक्याने पुसला असेल तर ते तेल पॅडमध्ये मुरते, आणि तसे झालेले पॅड घासून पुन्हा वापरण्याच्या मी विरोधात आहे. धुतला असेल तर पॅड काढून त्यांचे तोंड पाहा. काचेसारखी चमक आली असेल तर सपाट फरशीवर 80 नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ती हलक्या हाताने काढता येते. पाठीमागचे पातळ शिम (आवाज दाबणारे पत्रे) जागेवर हवेत. पण नव्या पॅडला शिम चिकटवलेलेच असतील तर त्यांवर जुने आणखी चढवू नयेत. झीज दाखवणारी छोटी पत्र्याची जीभ कोणत्या पॅडला आणि कोणत्या टोकाला आहे ते माहितीपुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहावे. आतले पॅड बाहेर बसवले गेले असेल तर ती नको तेथे घासू शकते. सफाई करताना ब्रेकची धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ती क्लीनरने ओली करूनच पुसावी.

ब्रेक न लावताही चाकाबरोबर फिरणारा पत्र्याचा आवाज येत असेल, तर डिस्कमागचा पातळ संरक्षक पत्रा काम करताना वाकला आहे किंवा त्यात खडा अडकला आहे. मेट्रोच्या कामामुळे घोडबंदर रस्त्यावर अशा खड्यांना तोटा नाही. पत्रा बोटाने दोन मिलिमीटर मागे वाकवला की काम झाले. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची डिस्क सकाळी केशरी दिसणे आणि पहिल्या चार-पाच ब्रेकना खरखरणे, हा दोषच नव्हे.

चाक काढलेलेच आहे तर हबही तपासावा, कारण आपण नवी डिस्क आठ वर्षांच्या हबवर बसवली आहे. डिस्क फिरताना किती डगमगते याची मर्यादा बहुतेक गाड्यांत 0.05 ते 0.10 मिलिमीटर इतकीच असते, म्हणजे साधारण वर्तमानपत्राच्या एका कागदाच्या जाडीची गोष्ट. 140 मिलिमीटर व्यासाच्या हबच्या कडेला 0.05 मिलिमीटरचा गंजाचा एक खवला राहिला, तर 240 मिलिमीटरच्या डिस्कच्या कडेवर त्याचे जवळपास 0.09 होतात. गंमत अशी की हे लगेच कळत नाही. आज ब्रेक गुळगुळीत लागतात. पण प्रत्येक फेरीत डिस्कची तीच जागा पॅडला चाटून जाते, काही हजार किलोमीटरांत तेथे पातळ होते, आणि मग ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरू लागते. तोवर घरी केलेल्या कामाचा विसर पडलेला असतो आणि ‘डिस्क वाकली’ असे म्हणून पुन्हा नवी डिस्क त्याच गंजावर चढते. डिस्क उतरवून हबचा चेहरा आणि डिस्कची आतली बाजू घासून लख्ख करावी. चुंबकाच्या स्टँडचा डायल गेज (सूक्ष्म डगमग काट्यावर दाखवणारे माप) मिळाला तर डिस्क नटांनी हबवर आवळून, कडेपासून 10 मिलिमीटर आत काटा लावून एक फेरी मोजावी; नसेल तर सफाईवरच जास्त वेळ द्यावा. चाकाचे नटही एकाआड एक, दोन टप्प्यांत आणि टॉर्क पान्याने आवळावेत. अनेक छोट्या गाड्यांत हे प्रमाण 85 ते 110 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असते. आपल्या गाडीचा आकडा पुस्तकातून घ्यावा. पंक्चरवाल्याच्या पाइप जोडलेल्या पान्याने, पायाने दाबून आवळलेले नट चांगल्या डिस्कलाही पिळतात.

तेव्हा येत्या रविवारी हँडब्रेक ओढून पेडलची चाचणी घ्या, एक मिनिटाची चाचणी घ्या, आणि माझा कयास खरा ठरला तर मागचे दोन्ही ड्रम उघडून ॲडजस्टर जुळवा. पुढची चाके त्याच दिवशी काढून खाचा, पिना आणि हब साफ करा. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. पेव्हर ब्लॉकच्या जमिनीवर स्टँडखाली जाड फळी ठेवा. सगळे परत बसवल्यावर, गाडी जागची हलवण्याआधी, पेडल घट्ट होईपर्यंत दाबून घ्या.

मग पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसवायच्या, म्हणजे चालवून घासून एकमेकांशी जुळू द्यायच्या असतात. त्यासाठी रविवारी सकाळचे वागळे इस्टेटचे किंवा महापे एमआयडीसीचे मोकळे रस्ते बरे पडतात. मागे कोणी नाही हे पाहून 50 किलोमीटरच्या वेगावरून 10 पर्यंत, मध्यम दाबाने, आठ ते दहा वेळा वेग उतरवावा. दोन वेळांमध्ये गाडी थोडी पळू द्यावी आणि तापलेल्या ब्रेकवर पाय ठेवून पूर्ण उभी करू नये. शेवटी पाच-सात मिनिटे ब्रेक फारसा न वापरता चालवून ती थंड होऊ द्यावी. परत आल्यावर चारही चाकांजवळ, डिस्कला हात न लावता, उष्णता पाहावी : पुढची दोन चाके एकमेकांइतकीच तापलेली असली पाहिजेत. एक बाजू फारच जास्त गरम असेल तर त्या बाजूची पिन किंवा पॅड अजून अडकते आहे, आणि अंगठ्याची चाचणी तेथे पुन्हा करावी लागेल. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट त्याच टॉर्कला एकदा तपासावेत. एवढे करूनही ‘चीं’ उरलीच, तर ती दोन-तीनशे किलोमीटर सहन करावी, आणि त्यानंतरच दुकानदाराकडून दुसरे पॅड घ्यावेत.